लिंबाच्या पोटातलं लोखंड

६ जानेवारी २०२५
पाथर्डी

अझहर,

सलाम. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून हा कागद. टेम्पोवाला हनुमंत बैलांचा कडबा घेऊन तुमच्या कारखान्याकडे निघालाय, त्याच्या हाती देतेय. फाडायचा असेल तर वाचून झाल्यावर फाड.

भांडण मिटवायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. शेवगावात त्या गिऱ्हाइकासमोर तू म्हणालास, "आपा, फळी बारीक निघाली, चूक आपली आहे." मी चारचौघांत तुला आपल्या लाकूड कापायच्या मशीनवरून खाली उतर म्हटलं. तू उतरलास तो थेट उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसलास. हा तुझा दुसरा सीझन. फळी बारीक नव्हती, त्याचा ओंडकाच वाकडा होता. मी आजही तेच म्हणेन.

तुझ्याकडे काम आहे. पण आधी ऐकून घे.

परवा काकासाहेबांचा निरोप आला. तेच, शेवगाव रोडला हॉटेल काढतायत ते. कडुलिंबाचा ओंडका आहे, बाकड्यांच्या आणि टेबलांच्या फळ्या काढायच्यात, मशीन घेऊन या. मी गेले. असल्या गिऱ्हाइकांची मला सवय आहे. एकाला फळ्या हव्यात पण अंगणात भुसा पडायला नको. दुसऱ्याला भुसासुद्धा पोत्यात भरून घरी न्यायचा असतो. एक जण ओंडक्यावरून उठतच नाही, म्हणतो, बसू द्या, झाड माझ्या बापाचं आहे. अन् मशीनवर बाई दिसली की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला हिच्यापेक्षा जास्त कळतं. काकासाहेब या सगळ्यांच्या वरताण. मी मशीन नीट टेकवायच्या आत म्हणाले, करवतीचा पट्टा ढिला आहे. मी घट्ट केला तर म्हणाले, आता तुटणार. हेच तोंड घेऊन हे हॉटेल चालवणार, अल्ला गिऱ्हाइकांना सबुरी देवो.

मग मी ओंडका बघितला.

बुंध्याला एका बाजूला डोक्याएवढी गाठ आहे. तो लिंब मी ओळखते. तो काकासाहेबांचा नाही, त्यांच्या धाकट्या भावाचा आहे, रामचा. राम आणि त्याची बायको चांगुणा तुझ्याच टोळीत ऊस तोडतात, तू त्यांना रोज बघत असशील. गेल्या उन्हाळ्यात चांगुणाने रस्त्यात माझं मशीन थांबवलं होतं. हाताला धरून मला बांधावर नेलं आणि हे झाड दाखवलं. म्हणाली, "सकीनाताई, घराच्या भिंती झाल्या, दार न्हाई. येत्या उन्हाळ्यात ह्याचं दार करायचंय. तुमीच कापायचं. दुसऱ्या कुनाचा हात लागू देनार न्हाई." मी हो म्हटलं होतं.

आता बांधावर नुसता बुडखा राहिलाय आणि झाड काकासाहेबांच्या अंगणात आडवं पडलंय. मी विचारलं, "रामला ठावं हाय का?"

"बांध माझा हाय. रामला काय इचारायचं? तुमी फळ्या काढायला आलाय का वाटनी करायला?"

मी ओंडक्याभोवती एक चक्कर मारली. हात फिरवला. आणि म्हटलं, "ह्याच्यात लोखंड हाय. मी कापनार न्हाई."

आपल्या धंद्यात एकदा लोखंड म्हटलं की बोलणं संपतं, हे तुला सांगायला नको. फिरता पट्टा खिळ्यावर आदळून तुटला तर कुणाच्या गळ्यावर जाईल याचा नेम नाही. पण काकासाहेबांचं बोलणं संपलं नाही. त्यांनी गड्याला हाक मारली आणि फाटकात ट्रॅक्टर आडवा लावायला सांगितला. म्हणाले, "फळ्या निघाल्या की मशीन निघंल."

तर मशीन तिथे आहे. पट्टा मी उतरवला, तीन वेटोळी घालून गोणीत भरला आणि वडापच्या जीपने घरी आणला. पट्ट्याशिवाय ते मशीन म्हणजे नुसतं लोखंडाचं गाढव आहे. पोलिसात जा म्हणशील. गेले तर मशीन चौकशीत अडकेल, आणि तोवर काकासाहेब दुसरीकडून ओंडका कापून मोकळे होतील.

रामचा फोन बंद लागतोय. तुमचा फड रोज जागा बदलतो, हनुमंत कारखान्याच्या गेटापर्यंतच जातो, त्याला ती दोघं सापडायची नाहीत. तू फडातूनच ऊस भरतोस. चांगुणाला गाठ आणि सांग की झाड पडलंय. आणि तिला विचार, त्या झाडात कधी खिळा, साखळी, असलं काही ठोकलं होतं का. का विचारतेय ते विचारू नकोस.

अम्मी बरी आहे. तुझं नाव काढायचं नाही असं तिने ठरवलंय आणि ते दिवसभर सगळ्यांना सांगत असते.

तुझी आपा


९ जानेवारी

अझहर,

हनुमंत म्हणाला, पत्र घेतलं, घडी केली, खिशात ठेवलं आणि ट्रॅक्टर चालू केला. काही म्हणाला का विचारलं, तर म्हणे न्हाई. वा रे वा. दगडाला विचारलं असतं तर त्याने तरी ऐकून घेतलं असतं.

मी रोज तिथे जाऊन मशीनजवळ बसते. राखण म्हण किंवा धरणं म्हण. काकासाहेबांची बायको चहा आणून ठेवते आणि माझ्याकडे न बघता आत जाते. काकासाहेब ओसरीवरून बोलत असतात. काल म्हणाले, तुझ्या मशीनच्या परवान्याचे कागद कुणाला तरी बघायला लावतो. मी म्हटलं, लावा, मीबी त्यांना बांधावरचा बुडखा बघायला लावते. 'तुम्ही'वरून आता 'तू'वर आलेत.

आज सकाळी त्यांनी जामखेडहून गोरक्षनाथला बोलावलं. तुला आठवत असेल, मिशीवाला, अब्बांच्या मयतीला आला होता तो. स्वतःचं मशीन ओढत घेऊन आला. फाटकातला ट्रॅक्टर बाजूला झाला, तो आत आला, आणि ट्रॅक्टर पुन्हा आडवा लागला. एवढ्या वेळात माझं मशीन बाहेर काढायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी एकटीला कुठे ओढता आलं असतं.

गोरक्षनाथ मला बघून चपापला. विचारलं, "सकीनाबाई, तुमी असताना मला का बोलावलं?"

काकासाहेब म्हणाले, "तिला कापायचं न्हाई. लोखंडाचं सोंग करती."

गोरक्षनाथने माझ्याकडे बघितलं. "हाय लोखंड?"

"हाय."

"कुठं?"

"आत."

तो वाकला, गाठीवरून हात फिरवला, सालीला नख लावून बघितलं. वर कुठेच काही नव्हतं. ना डाग, ना चीर. एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठला आणि मशीन ओढायची साखळी परत जोडायला लागला. काकासाहेब ओरडले, अरे, कापायला आला होतास ना! तो म्हणाला, "बाईनं लोखंड म्हटलंय. आता मी हात लावनार न्हाई. उद्या मी म्हनंन, तवा दुसऱ्यानं लावू न्हाई." आणि फाटकातला ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावून गेला. एवढ्या लांबून आलेला माणूस, चहासुद्धा घेतला नाही.

अझहर, त्या ओंडक्यात लोखंड नाही.

मी खोटं बोलले. तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. झाड तुमचं नाही म्हणाले असते तर मला हाकलून दुसरा आणला असता. कापलं असतं तर उन्हाळ्यात चांगुणाला तोंड कसं दाखवलं असतं? लोखंड म्हटलं की आपल्या धंद्यात कुणी शिवत नाही, म्हणून तोंडातून निघून गेलं. वाटलं, चार दिवस निघतील, तोवर ती येईल.

गोरक्षनाथ गेला तेव्हा माझी मला लाज वाटली. अब्बा बाकी सगळ्या खोट्यावर हसायचे, गिऱ्हाइकाला आज येतो म्हणून चार दिवस लटकवायचे. पण लोखंडाबद्दल कधी थट्टासुद्धा करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, या एका शब्दावर माणसं मशीनसमोर उभी राहतात. आता हे उघडं पडलं तर जामखेडपासून शेवगावपर्यंत माझ्या शब्दाला कुणी विचारणार नाही. आणि एखाद्या दिवशी मी खरंच लोखंड बघून ओरडेन, आणि कुणीतरी हसून ओंडका मशीनवर चढवेल.

तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगू? चांगुणाला गाठलंस का?

आपा


१२ जानेवारी

अझहर,

हनुमंत गाडी चालू ठेवून दारात उभा आहे, म्हणून घाईत लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

काकासाहेबाने काल लोखंड शोधायचं यंत्र आणलं. लग्नाच्या हॉलच्या दारावर पाहुण्यांच्या अंगावरून फिरवतात ना, तो काळा दांडा. त्याचा मेहुणा तसल्या कामावर आहे. अंगणात वीसेक माणसं जमवली होती, तमाशाच. मला म्हणाला, "ये इकडं. आज तुझ्या लोखंडाचा निकाल लावू."

मेहुण्याने आधी माझ्या मशीनवर दांडा धरला. केवढ्यांदा किंचाळलं ते! सगळे हसले. मग ओंडक्याच्या शेंड्याकडून सुरुवात केली. एक शब्द नाही. वीतभर पुढे, पुन्हा नाही. काकासाहेब ओंडक्याच्या बाजूबाजूने चालत होता, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मध्यावर आले, काही नाही. मी मनात कलमा पढत होते, आणि स्वतःलाच शिव्या देत होते की खोट्यासाठी कसला कलमा पढतेस, सकीना.

गाठीवर दांडा आला आणि ते किंचाळलं.

मेहुणा दचकला, त्याने दांडा उचलला. बंद. पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. खरंच सांगते, त्या अंगणात सगळ्यांत जास्त मीच घाबरले होते. मी कुठून आणलं हे लोखंड? लोक म्हणायला लागले, बाई खरं बोलत हुती की! एका म्हाताऱ्याने मला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण काकासाहेब कसला ऐकतोय. त्याने बाकीचा ओंडका तपासून घेतला, दुसरीकडे कुठेच आवाज नाही. मग म्हणाला, "चला, बरं झालं. एकाच जागी हाय. सहादेव सुताराला बोलावतो, गाठ पोखरून लोखंड काढू, मग तर कापशील? आता कुठला बहाना हाय तुझ्याकडं?"

काय बहाणा आहे माझ्याकडे? लोखंड निघालं की त्या गाठीसकट सगळं लाकूड मोकळं. मी नाही कापलं तर गोरक्षनाथ येईल आणि त्याला नाही म्हणायला कारण राहणार नाही. चांगुणाचं दार हॉटेलातलं बाकडं होणार आणि त्यावर लोक मिसळ खाणार.

सहादेव सुतार सध्या लोहसरला एका घराच्या कामावर आहे, १५ तारखेला येतो म्हणालाय. काकासाहेबाने नगरचे त्याचे हॉटेलातले भागीदार त्याच दिवशी बोलावलेत, लाकूड दाखवायला. तेवढाच वेळ आहे.

त्या गाठीत काय आहे? चांगुणाला ठाऊक असणार. अरे बाबा, माझ्यावर रुसलायस तर रूस, जन्मभर रूस, मी तुझी समजूत काढायला येणार नाही. पण त्या बाईचा काय गुन्हा आहे? ती रोज तुझ्या ट्रॅक्टरमध्ये मोळ्या चढवते. तिला एवढं विचारायला तुझी जीभ झिजते का?

आपा


१६ जानेवारी

अझहर,

तुझा निरोप मिळाला. भावाच्या फोनमध्ये हनुमंतचा नंबर आहे, बहिणीचा नाही. असो.

हनुमंतने काल सकाळी घरी येऊन तू भरून पाठवलेला आवाज फोनवर माझ्या कानाला लावला. मला वाटलं तू बोलशील. चांगुणा बोलली. मागे कोयत्यांचे आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय. शेवटी ती थांबल्यावर तू नुसता खाकरलास. तेवढंच. मी ते खाकरणं तीन-चारदा ऐकलं. सर्दी झालीय तुला, गार पाण्याने आंघोळ करत असशील.

मी हनुमंतला तसंच गाडीत घातलं आणि काकासाहेबाच्या वस्तीवर गेले. अंगण भरलेलं होतं. नगरचे भागीदार पांढऱ्या कपड्यांत खुर्च्यांवर बसलेले. काकासाहेब त्यांना सांगत होता, झाड आमच्या आईनं लावलंय, आई लई हौशी, तिची चाळीस एकर बागायत हुती. सहादेव सुतार वाकस घेऊन ओंडक्याशी उकिडवा बसला होता.

मी म्हटलं, "सहादेवमामा, जरा थांबा. आत काय हाय ते आधी मालकिनीच्या तोंडून ऐका."

काकासाहेब उठून उभा राहिला. "कोन मालकीन?"

मी हनुमंतला खूण केली. त्याने फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला. चांगुणाचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला. तूच भरून घेतलास, तुला पाठ असेल, पण मला लिहू दे.

"सकीनाताई, मी चांगुणा. तुमच्या भावानं समदं सांगितलं. त्या गाठीत आमच्या सासूबाईचा कोयता हाय. थोरले भाऊजी नगरला शिकायला हुते, त्यांच्या शिक्षनासाठी त्या ऊस तोडायच्या. मग आमचं लगीन त्यांच्या आधी लावलं, ऊसतोडीच्या कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागती म्हनून. मी आले त्या साली त्या शेवटच्या उसावरनं आल्या अन् कोयता झाडाच्या बेचक्यात घातला. म्हनल्या, आता मी काढायची न्हाई. झाडानं गिळला त्यो. मला म्हनल्या, ह्याच झाडाचं दार कर, अन् दार लागलं की तूबी कोयता ठेव. भाऊजींना ठावं न्हाई, ते कदी बांधावर आलेच न्हाईत. सकीनाताई, माझं झाड जपा."

काकासाहेबाच्या तोंडावरचा रंग उतरला, पण तो हसला. नगरच्या पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "काय बी बोलती. आमच्या आईनं ऊस लावला, तोडला न्हाई. आमच्या घरात कोयत्याचा काय संबंध?"

एवढं ऐकून माझं डोकं फिरलं. माझं तोंड आवरत नाही असं तू शेवगावात म्हणाला होतास, ते खरं करून दाखवलं म्हण हवं तर. मी म्हटलं, "काकासाहेब, समद्यांच्या समोर बोलते. कोयता निघाला, तर ओंडका चांगुणाच्या घरी जाईल आन् मशीन माझ्या घरी. दुसरं काय बी निघालं, खिळा निघाला, नाल निघाला, तर हितंच उभी राहून तुमच्या समद्या फळ्या काढून देते, आन् पुन्हा आयुष्यात ह्या धंद्यात लोखंड हा शब्द काढनार न्हाई. बोला."

नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड कुठे होतं? पाहुण्यांसमोर नाही म्हटलं असतं तर कबूल केल्यासारखंच झालं असतं. म्हणाला, "काढ रं सहादेव."

सहादेवमामाने गाठीची साल उडवली. आत लालसर लाकूड, जसं लिंबाचं असतं. मग पटाशी घेतली. थोडं आत गेल्यावर लाकूड काळपट दिसायला लागलं, आणखी आत गेल्यावर शाई सांडल्यासारखं काळं. आणि पटाशी खणकन वाजली. मामाने मग हातानेच चोथा बाजूला केला. मी तिथे उभी होते, अझहर, आणि मला बघवत नव्हतं. चांगुणाच्या आवाजावर माझा विश्वास होता, पण लोखंडाची खात्री लोखंड दिसेपर्यंत नसते. समजा, पोरांनी कधी दुसराच काही तुकडा ठोकलेला असला तर?

आधी पातं दिसलं. गंजून जाड झालेलं, पण वाकण तीच. मग बूड. लाकडी मुठीचा तपकिरी भुगा झाला होता, त्यात लोखंडाची एक बारीक कडी होती. मामाने ती कडी धोतराला पुसली आणि तिथेच मांडी घालून बसला.

"ही मी बसवलीया," तो म्हणाला. "म्हातारीचा हात बारीक हुता. मूठ सैल पडायची, सारखी निसटायची. म्हनून मूठ बारीक केली आन् ही कडी घातली. काकासाहेब, तुझ्या आईचाच हाय."

नगरच्या पाहुण्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "काकासाहेब, तुमच्या आई ऊसतोडीला जायच्या?"

काकासाहेबाने पुढे येऊन कोयता उचलला. मूठ नव्हती तिथे धरला, हात काळा झाला. मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येतो. हनुमंतलाही वाटलं असणार, तो माझ्यापुढे सरकला. पण काकासाहेब वळला आणि कोयता घेऊन घरात गेला. थोड्या वेळाने त्याची बायको दारात आली, पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, आणि गड्याला म्हणाली, "फाटकातला टॅक्टर काढ."

ओंडका चांगुणाच्या घरासमोर नेऊन टाकलाय, वर ताडपत्री घातलीय. मशीन आपल्या दारात आहे. अम्मीला यातलं काहीच सांगितलेलं नाही, पट्टा बदलायला गेले होते एवढंच म्हणाले.

चांगुणाला सांग, जपलं.

आपा


६ एप्रिल

अझहर,

तू ईदलाही आला नाहीस. कारखान्याचा पट्टा पडून सीझन संपला, टोळ्या परतल्या, आणि तू म्हणे तिकडेच दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर चालवतोयस. शीरखुर्मा तुझ्या वाटचा हनुमंतने खाल्ला.

मी जामखेडला जाऊन आले. गोरक्षनाथला सांगितलं, मी तुझ्याशी खोटं बोलले होते, लोखंड निघालं ते माझ्या नशिबाने. त्याला वाटलं मी नम्रपणा करतेय. म्हणाला, हात फिरवताना तुमच्या हाताला कळलं असंल. मी म्हटलं, काही कळलं नव्हतं, साफ खोटं होतं. मग तो हसायचा थांबला. म्हणाला, "पुन्हा असं बोलू नका." आणि चहा मागवला. आता बरं वाटतंय.

काकासाहेबाचं हॉटेल चालू झालं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. कोयता त्याच्याकडेच आहे. मी चांगुणाला म्हटलं, मागून घे. ती म्हणाली, "राहू द्या. आई तर त्यांचीबी हुती."

दाराचं ऐक. चांगुणा परतल्यावर अर्धा ओंडका मी कापला, आणि गाठीतून निघालेली फळी बाजूला ठेवली होती. मधोमध कोयत्याएवढी पोकळी आणि भोवती सगळा काळा डाग. म्हटलं ही जळणाला घे. चांगुणाने ती छातीशी धरली. म्हणाली, हीच आधी बसवा, आणि डाग भाईरच्या अंगाला. बाहेर म्हणजे कुठे, तर काकासाहेबाच्या घराकडे. सहादेवमामाने पोकळीत तुकडा बसवून दाराची एक झडप तयार केली. काकासाहेब जाता-येता मान खाली घालून जातो. एकदा सकाळी थांबला, डागावर हात ठेवला आणि गेला, असं चांगुणाने आतून बघितलं.

दुसरी झडप कापायला मी मशीन लावलं, तर बाई आडवी आली. म्हणाली, "तुमचा भाऊ भर फडात ट्रॅक्टर थांबवून माझ्याकडं आला. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पन माझा आवाज भरून घेतला. त्यो मशीनच्या पल्याडच्या बाजूला उभा राहिल्याबिगर ही फळी कापायची न्हाई." मी म्हटलं, तो यायचा नाही, हट्टी आहे. तर म्हणाली, "मग मीबी हट्टी हाय." तिने अर्ध्या दाराला गोणपाट लावलंय. तिचा स्वतःचा कोयताही अजून भिंतीला टांगलेला आहे. पुरं दार लागलं की कायमचा ठेवणार म्हणते. नाही लागलं तर दसऱ्यानंतर पुन्हा खांद्यावर.

मुकादमाच्या शिव्यांचं तू मला कळवलं नाहीस.

काल तुझा मिस्ड कॉल आला. फोन वाजत होता आणि मी हातात धरून बघत होते. उचलला नाही. फोनवर तू माफी मागितली असतीस, किंवा मी मागितली असती, आणि दोघंही आपापल्या जागी बसून राहिलो असतो. शेवगावची ती फळी बारीक नव्हती. पण मला तुझी आठवण येते, मेल्या. पलीकडून फळी धरायला कुणी नसतं, तेव्हा मी तिकडे बघून "धर" म्हणते आणि गिऱ्हाईक हसतं.

उरलेला ओंडका मशीनवर चढवून ठेवलाय. पट्टा धार लावून गोणीत आहे, घातलेला नाही. तू येऊन घाल. बाईचं दार अर्धं आहे, अझहर.

तुझी आपा